खाडीकाठचा उन्हाळा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक परिसरात, किंबहुना मुंबई-ठाण्याच्या सगळ्याच किनारपट्टीत, एक समज पक्का रुजलेला आहे: उष्माघात हा चंद्रपूर-नागपूरकडचा प्रकार असून खाडीकाठच्या माणसाला फार तर घामाचा वैताग सोसावा लागतो. या समजाला आधार असतो तो आकड्यांचा, कारण मे महिन्यात विदर्भात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा येथे तो 40 च्या आतच राहतो. मात्र शरीर थंड राहते ते घाम निथळल्याने नव्हे, तर वाळल्याने, आणि हवेत आधीच बाष्प दाटलेले असेल तर घाम वाळणे मंदावते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून, त्यावरून वारा खेळवून घेतलेल्या नोंदीला ओल्या बल्बचे तापमान म्हणतात, आणि बाष्पीभवनाने किती थंडावा मिळू शकतो हे तीवरून कळते. 45 अंश तापमान व 10 टक्के आर्द्रता असताना ही नोंद सुमारे 21 अंश येते, तर 37 अंश व 50 टक्के आर्द्रतेला ती सुमारे 28 अंशांवर जाते. नागपुरात घरोघरी लागणारा वाळ्याचा कूलर भाईंदरमध्ये खोली नुसती दमट करतो, त्याचे कारण हेच. यावरून विदर्भाचे ऊन सौम्य ठरत नाही, कारण तेथे हवाच शरीराला तापवते आणि पाणी झपाट्याने कमी होते. धोक्याची जात तेवढी वेगळी. ओल्या बल्बचे 35 अंश ही मानवी सहनशक्तीची सैद्धांतिक सीमा मानली जात असली, तरी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तरुण व निरोगी माणसांच्या शरीराचे तापमान दमट हवेत सुमारे 31 अंशांपासूनच आवरेनासे झाले.

भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी प्रदेशात कमाल तापमान 40 अंशांना पोहोचल्यावर, तर किनारपट्टीवर 37 अंशांनाच सुरू करतो, तो उगाच नव्हे. 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्यांपैकी 14 जण उष्माघाताने दगावले, त्या दिवशी त्या भागातील तापमान 38 अंशांच्या आसपास होते. उन्हाळा म्हणजे एप्रिल-मे, हेही येथे पुरते खरे नाही. मार्चमध्ये पूर्वेकडून येणारे कोरडे वारे जोरात असले की समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटतो आणि तोवर पारा चढत राहतो, सांताक्रूझची 41.7 अंशांची नोंद 28 मार्च 1956 ची आहे.

ऊन बाधते ते बाहेर फिरणाऱ्यालाच, ही समजूत अधिक घातक होय. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब साठवलेली उष्णता रात्री खाली सोडत राहतो, त्यामुळे गच्चीखालच्या शेवटच्या मजल्यावरचे घर सूर्य मावळल्यावरही तासन्‌तास निवत नाही, आणि दाटीने उभ्या इमारतींमुळे वाराही अडतो. एसी एका घरातली उष्णता काढतो तो शेजाऱ्याच्या खिडकीबाहेर सोडण्यासाठीच. रात्री शरीराला उसंत मिळाली नाही, तर हृदयावरचा ताण दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. 2003 मध्ये फ्रान्समध्ये सुमारे 15 हजार माणसे उष्णतेने दगावली, त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भरणा मोठा होता आणि अनेकांना मृत्यूने गाठले ते घरातच. असे मृत्यू बहुधा हृदयविकाराच्या खाती जमा होतात, म्हणून ते मोजायचे तर नेहमीपेक्षा किती मृत्यू अधिक झाले हे पाहावे लागते. मे 2010 मध्ये अहमदाबादेत ही वाढ 1,344 इतकी निघाली आणि 2013 मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा लागू केला.

खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही, या समजुतीला कोणताही शास्त्रीय आधार नाही. कांदा पोटात गेलेला बरा. घामावाटे क्षारही जात असल्याने, फार घाम गाळणाऱ्याला साध्या पाण्याच्या जोडीला मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा ओआरएस उपयोगी पडते, मात्र रक्तदाबाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णाने मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. उष्माघातात अंग कोरडे पडतेच असे नाही: कष्टाचे काम करताना कोसळलेला मजूर घामाने चिंब असू शकतो. शरीराचे तापमान 40 अंशांवर जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, की तो उष्माघात समजावा. या तापावर पॅरासिटामॉल चालत नाही. 108 ला फोन करून, रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा आणि तो बेशुद्ध असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये.