तांब्यावर कोरलेला रस्ता

जुन्या शहरांचा इतिहास ग्रंथांतून वाचावयास मिळतो. पण त्या शहरांतील सामान्य दिवस कसा असे, हे पाहावयाचे तर जुन्या चित्रांकडेच वळावे लागते. टॉमस हॉर्नर याचे ‘ब्रॉडवे, न्यूयॉर्क’ हे १८३६ सालचे चित्र असेच आहे. कनाल स्ट्रीटच्या कोपऱ्यापासून निब्लोच्या बागेपलीकडपर्यंतची प्रत्येक इमारत दाखविण्याची प्रतिज्ञा त्याच्या शीर्षकातच केलेली आहे. घोडे जोडलेल्या ऑम्निबस, बग्ग्या आणि मालाच्या गाड्या यांची रस्त्यात दाटी झाली आहे. दुतर्फा पादचारी आणि दुकानांवर पाट्या आहेत.

हे चित्र कुंचल्याने रंगविलेले नव्हे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईने रेषा ओढावयाच्या. मग पत्रा आम्लात बुडविला की उघड्या रेषा तेवढ्या खोल होतात. त्यांत शाई भरून पत्रा कागदावर दाबला की चित्र उमटते. यालाच एचिंग म्हणतात. छापताना डावे उजवे होते. म्हणून दुकानाची पाटी वाचता यावी यासाठी तिचे प्रत्येक अक्षर पत्र्यावर उलटे कोरावे लागते! रेषा हॉर्नरच्या, छायाप्रकाशाचे काम जॉन हिल याचे.

शहर त्या वेळी झपाट्याने वाढत होते. १८३० साली दोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती १८४० साली तीन लाखांवर गेली. डिसेंबर १८३५च्या आगीत दक्षिणेकडील शेकडो इमारती भस्मसात झाल्या होत्या; तरी पुढच्याच वर्षीच्या या चित्रातील रहदारी थांबलेली नाही.

हॉर्नर मूळचा इंग्लंडमधील भूमापक. सेंट पॉलच्या कळसावरून त्याने लंडनचे दृश्य रेखाटले. त्यावरून रंगविलेल्या प्रचंड चित्रासाठी खास इमारत उभारली गेली. परंतु त्या उद्योगात तो कर्जबाजारी होऊन अमेरिकेस गेला आणि १८४४ साली न्यूयॉर्कमध्ये दारिद्र्यातच वारला. वैभवाचा रस्ता चितारणाऱ्याच्या वाट्याला वैभव आले नाही.

आपल्या राजधानीतील कस्तुरबा गांधी मार्ग एके काळी कर्झन रोड होता. तेथे बंगल्यांच्या जागी उंच इमारती आल्या, नावही बदलले. रस्ते असेच बदलत असतात. तेव्हा आपल्या गावच्या बाजारपेठेचे एखादे जुने चित्र घरात असेल, तर ते जपून ठेवा आणि पाट्यांसकट मुलांना वाचून दाखवा.