दागिना उजळावा, पण वजन जपून

सुगी आटोपली, धान्य घरात आले आणि तुळशीचे लग्न लागले की गावोगाव लग्नसराईचे वारे सुटतात. पत्रिका येऊ लागतात. मग एका दुपारी घरची कारभारीण कपाटाच्या तळातला डबा काढून बसते. गुलाबी कागदाच्या पुड्या सुटतात. बोरमाळ मळलेली असते, नथीचे मोती पिवळट दिसतात, कानातल्या फुलांचे खडे मंदावलेले असतात आणि पैंजण तर ओळखू येणार नाहीत इतके काळे पडलेले असतात. एकदा हे सारे उजळून घेतले पाहिजे, असे मनात येते.

भगिनींनो, इथेच थोडे थांबावे. शेतकऱ्याच्या घरातला दागिना नुसता मिरवण्यासाठी नसतो. पाऊस तोंडावर आला आणि बी-खताला पैसा नसला की हाच डबा उघडावा लागतो. सराफ काय किंवा बँक काय, तारण घेताना चकाकी बघत नाही. कस आणि वजन बघते. मळलेल्या दागिन्याचे काहीही गेलेले नसते. मळ धुतला की तो पूर्वीसारखा होतो. चुकीच्या रीतीने घासलेला, तेजाबात बुडवलेला दागिना मात्र कायमचा घटतो. म्हणून दागिना धुण्याआधी तो कशाचा केलेला आहे हे ओळखावे, आणि त्याला सोसेल तेवढेच करावे.

किती दिवसांनी धुवावे?

मंगळसूत्र, चमकी, कानातली फुले, बांगड्या हे दागिने रोज अंगावर असतात. ते पंधरा दिवसांतून एकदा धुतले तरी पुरे. सणावारी घातलेले दागिने पुन्हा डब्यात ठेवण्यापूर्वी स्वच्छ करावेत, कारण घाम, तेल आणि हळद-कुंकू तसेच राहिले की ते नक्षीत बसून घट्ट होते. चांदी वर्षातून दोन-तीनदा उजळावी. मोती धुवायचे नसतात. घालून झाले की फक्त पुसायचे असतात. आणि वर्षातून एकदा ओळखीच्या सोनाराकडे जाऊन खड्यांची घरे, फिरक्या, हूक आणि कड्या तपासून घ्याव्यात.

चमकी आणि हिऱ्याचे खडे

हिरा म्हटले की आपल्याला वाटते, हा श्रीमंतांचा विषय. पण पुष्कळ शेतकरी घरांत आजीच्या नाकातून सुनेच्या नाकात आलेली चमकी असते आणि तिचा बारीक खडा खरा हिरा असतो.

हिऱ्याचा एक गुण जाणून घेण्यासारखा आहे. त्याला पाणी धरत नाही, पण तेल-तूप लगेच चिकटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लेच्या खाणवाल्यांनी याच गुणाचा उपयोग केला. ते फळ्यांवर चरबीचा थर देत आणि खाणीतली बारीक खडी पाण्याबरोबर त्यावरून सोडत. दगडगोटे वाहून जात आणि हिरे चरबीला चिकटून राहत. आपल्या नाकातल्या चमकीचेही तसेच होते. डोक्याचे तेल, फोडणीची वाफ, तोंडाला लावलेली स्नो-क्रीम यांचा पातळ थर खड्यावर बसतो आणि चमक मरते. हिरा खराब झालेला नसतो, त्याला नुसता तेलाचा लेप चढलेला असतो.

म्हणून हिऱ्याला रांगोळी नको, राख नको, घासणे नको. तेल सोडवणारे फेसाळ पाणी पुरे. आपल्या आज्यांचा रिठा या कामाला उत्तम. चार-पाच रिठे रात्री भिजत घालावेत. सकाळी बिया काढून ते कुस्करावेत आणि पाणी गाळून घ्यावे. हे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार झोंबते. रिठे नसतील तर कोमट पाण्यात शाम्पूचे चार थेंब टाकले तरी चालते.

कृती अशी. स्टीलच्या वाडग्यात हाताला सोसेल इतके कोमट पाणी घ्यावे. त्यात चमकी किंवा फुले पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावीत. मग लहान मुलांच्या दात घासायच्या मऊ ब्रशने हलकेच घासावीत. पुढून फार घासू नये, खड्याच्या पाठीमागून घासावे, कारण मळ तिथेच साठलेला असतो. दुसऱ्या वाडग्यातल्या स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यावे आणि जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या मऊ कापडाने टिपावे.

हे सारे परातीत बसून करावे, मोरीच्या तोंडाशी कधीच करू नये. सुटलेला खडा किंवा घरंगळलेली फिरकी मोरीतून गेली की गेली. वाडग्यातले पाणी टाकतानाही फडक्यातून गाळून टाकावे.

पाण्यात घालण्यापूर्वी खड्याची पाठ पाहावी. पाठ उघडी असून पलीकडचा उजेड दिसत असेल तर खडा पाकळ्यांत धरलेला आहे. तो धुता येतो. पाठ बंद असेल तर खड्याखाली चमकदार पन्नी असू शकते, किंवा खडा लाखेत वा डिंकात बसवलेला असतो. पाणी आत शिरले की पन्नी काळी पडते आणि खडा कायमचा मंद होतो. असे दागिने ओलसर कापडाने फक्त पुसावेत. बाजारात ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतात तो कारखान्यात केलेला खडा असतो. तो हिऱ्याइतका कठीण नसतो, त्याच्यावर चरे पडतात. तेव्हा त्यालाही मऊच हात लावावा.

हिरा सर्वांत कठीण खरा, पण तो फुटत नाही हा समज चुकीचा आहे. त्याच्यावर सहसा चरा पडत नाही, मात्र नेमका घाव बसला तर तो दुभंगतो. हिऱ्याची अंगठी घालून सरपण फोडायला बसू नये.

सोने

शुद्ध सोने फार मऊ असते, म्हणून दागिन्यात तांबे-चांदी मिसळतात. २२ कॅरेट म्हणजे १००० भागांत सुमारे ९१६ भाग सोने. सोन्याला गंज चढत नाही. त्यावर दिसणारा काळपटपणा हा मळाचा आणि मिसळलेल्या धातूंचा असतो. वर सांगितलेल्या रिठ्याच्या कोमट पाण्याने तो बहुतेक निघतो.

काही घरांत सोने रांगोळीने, राखेने किंवा टूथपेस्टने घासण्याची रीत आहे. ती सोडून द्यावी. या सर्वांत बारीक कण असतात. ते मळाबरोबर सोन्याचाही पातळ थर काढतात आणि वर्षानुवर्षे घासून पुतळ्यांवरची अक्षरे पुसट होतात. सोनाराकडच्या पॉलिशमध्येही थोडी घट येतेच, म्हणून तेही दर सणाला करू नये.

आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. बोरमाळेसारख्या पोकळ मण्यांच्या दागिन्यांत बहुधा लाख भरलेली असते. उकळत्या पाण्यात घातले की लाख मऊ होते, मण्यांना पोचे येतात. तेव्हा असे दागिने ना उकळावेत, ना भिजत ठेवावेत. ओल्या कापडाने पुसावेत. दुसरी गोष्ट म्हणजे विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर. ती हाताळताना अंगठी-बांगड्या काढून ठेवाव्यात. तिच्यातल्या क्लोरीनने सोन्यात मिसळलेल्या धातूंवर परिणाम होतो, डाक दिलेले सांधे कमजोर होतात.

मंगळसूत्र दोऱ्यात ओवलेले असेल तर ते भिजवू नये. वाट्या आणि मणी ओल्या कापडाने पुसावेत. दोरा मळला, विरला असे दिसताच पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्यावे. गर्दीच्या एस.टी.त तुटलेला दोरा कळतही नाही.

नथ आणि मोती

मोती हा दगड नव्हे. शिंपल्यातल्या जिवाने थरावर थर चढवून तो केलेला असतो, आणि ते थर मुख्यतः चुन्याच्याच जातीचे असतात. चुनखडीवर लिंबू पिळले की ती फसफसते, हे आपण पाहिलेले आहे. मोत्याचेही तसेच. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनी त्याचे पाणी उतरते. घामानेही हळूहळू उतरते. म्हणून नथ सर्वांत शेवटी घालावी आणि सर्वांत आधी काढावी. अत्तर, पावडर, केसांचे तेल आधी, मोती मागाहून. काढल्यावर किंचित ओलसर, मग कोरड्या मलमलने पुसावी. सोडा, साबण, ब्रश यांतले काहीही मोत्याला लावू नये.

चांदी

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेत थोडा गंधकयुक्त वायू असतोच, आणि अंडी, कांदा, रबर यांतही गंधक असतो. द्राक्षाच्या बागेत भुरीवर गंधक मारतात. ते काम करून आलेल्या बाईची जोडवी आणि पैंजण लवकर का काळे पडतात, याचे उत्तर यातच आहे. बागेत गंधक मारायचे असेल त्या दिवशी चांदी घरी ठेवावी.

साध्या, खडे नसलेल्या चांदीसाठी एक सोपी युक्ती आहे. जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चांदी पातेल्याला टेकेल अशी ठेवावी. वर खाण्याचा सोडा दोन चमचे टाकून कडकडीत पाणी ओतावे. सडक्या अंड्यासारखा थोडा वास येईल, घाबरू नये. चांदीला धरलेला गंधक सुटत असतो. पाच-दहा मिनिटांत काळेपणा उतरतो आणि चांदी झिजत नाही. पातेले मात्र काळे पडते, म्हणून ते स्वयंपाकाचे घेऊ नये. हुपरीसारख्या ठिकाणचे पैंजण घेताना नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम काळेपणा ठेवलेला असेल, तर ही युक्ती तिथे करू नये. तोही निघून जाईल.

दारात येणारा कारागीर

आता सर्वांत महत्त्वाचे. भर दुपारी गडीमाणसे रानात असतात. घरी सासूबाई आणि एखादी लेकुरवाळी सून. दारात दोन चांगल्या कपड्यांतले तरुण उभे राहतात. "मावशी, नवी पावडर आलीय. तांब्या द्या, फुकट उजळून दाखवतो." तांब्या लखलखतो. मग पैंजण मागतात, तेही उजळतात. विश्वास बसतो. शेवटी म्हणतात, "गळ्यातलं द्या मावशी, दोन मिनिटांचं काम."

ते ज्या द्रवात दागिना बुडवतात तो साधा नसतो. सोने कुठल्याही एका साध्या तेजाबाने विरघळत नाही, पण दोन तीव्र तेजाबांच्या एका मिश्रणात विरघळते. त्याला अम्लराज म्हणतात. दागिना वर येतो तो पिवळाधमक आणि हलका. उरलेले सोने भांड्यातल्या द्रवात असते आणि भामटा ते भांडे घेऊन जातो. घरी जाऊन तो त्यातून सोने पुन्हा वेगळे काढतो. दुसरे ठग दागिना हळदीच्या पाण्यात घालून डब्यात बंद केल्यासारखे करतात आणि अर्ध्या तासाने उघडा म्हणून सांगतात. उघडावे तर आत खडे असतात.

उपाय एकच. दारात आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती कोणताही दागिना देऊ नये. तांब्यासुद्धा उजळायला देऊ नये, कारण फसवणुकीची सुरुवात तिथूनच होते. संशय आला तर शेजाऱ्यांना हाक मारावी आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. फसवणूक झालीच तर लाजेपोटी गप्प बसू नये. घरच्यांनीही त्या बाईला बोल लावू नयेत. बोलाच्या भीतीने बायका गप्प राहतात आणि तेच भामटे पुढच्या गावात जातात.

वजन लिहून ठेवा

दागिने धुऊन झाले की एक काम आणखी करावे. विश्वासाच्या सराफाकडे एकदा सर्व दागिन्यांचे वजन करून ते ग्रॅममध्ये वहीत लिहून ठेवावे. पूर्वीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आता सराफ १० ग्रॅमचा तोळा धरतात. आजीच्या काळचे "पाच तोळे" आणि आजचे पाच तोळे एक नव्हेत, म्हणून ग्रॅमच लिहावेत. पॉलिशला दिलेला दागिना देताना आणि घेताना समोर वजन करून घ्यावा. नवा दागिना घेताना हॉलमार्क आणि त्याचा सहा अक्षर-अंकी क्रमांक पाहावा, पावती जपावी. १६ जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आहे.

ठेवताना प्रत्येक दागिना वेगळ्या मऊ कापडात ठेवावा. हिरा सोन्यावर आणि मोत्यावर चरे पाडतो. चांदीला रबर गुंडाळू नये. आणि चोराच्या भीतीने दागिने धान्याच्या कोठीत लपवू नयेत. धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या विषारी वायूच्या गोळ्या वापरतात, त्या वायूने तांबे, चांदी आणि सोन्याचे दागिनेही खराब होतात. आणि दागिना काढायला कोठीत डोकावणाऱ्याच्या तर जिवावरच बेतते.

हे काम एकटीने उरकू नये. मुलीला, सुनेला शेजारी घेऊन बसावे. कोणता दागिना कुणाचा, कशाचा, किती वजनाचा आणि कसा धुवायचा, हे त्यांना हातात देऊन दाखवावे. डबा पुढे त्यांच्याच हाती जायचा आहे.