विश्लेषण : आयुष्याचा धागा कापणाऱ्या देवीचे नाव जीव वाचवणाऱ्या इंजेक्शनला कसे?

कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली आणि कीटकनाशक ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले असेल, तर डॉक्टर तातडीने देतात ते ॲट्रोपिनचे इंजेक्शन. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले, तेव्हा हा धोका राज्यभर चर्चेत आला. या औषधाचे नाव मात्र थेट ग्रीक पुराणातून आले आहे.

ॲट्रोपॉस कोण?

आपल्याकडे सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. ग्रीकांकडे हे काम तिघी बहिणींचे. क्लोथो आयुष्याचा धागा कातते, लॅकेसिस तो मोजते आणि ॲट्रोपॉस कापते. युरोपातल्या एका जहरी झुडपाला लिनियसने १७५३ मध्ये ‘ॲट्रोपा बेलाडोना’ हे नाव दिले, ते तिच्यावरूनच. बेलाडोना म्हणजे सुंदर स्त्री. बाहुल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून इटलीतल्या स्त्रिया त्याचा रस डोळ्यांत घालत, असे सांगतात. त्यातून मिळालेले द्रव्य ते ॲट्रोपिन. आपल्या धोत्र्यातही ते असते.

मग विषच औषध कसे?

ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे शरीरातले एक विकर बंद पडते. मग ॲसिटिलकोलिन हे मज्जातंतूंचे रसायन साचत जाते. तोंडाला फेस येतो, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत स्राव भरून श्वास कोंडतो. ॲट्रोपिन या रसायनाचा परिणाम अडवते. स्राव आटतात, मंदावलेली नाडी वाढते. विष मात्र ते शरीराबाहेर काढत नाही, स्नायूंचा अशक्तपणाही घालवत नाही. म्हणून मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते, तीही डॉक्टरांच्या नजरेखाली. धोत्रा खाऊ घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे!

पतंग आणि नद्या

पाठीवर कवटीसारखी खूण असलेल्या पतंगांच्या ‘ॲकेरोंशिया’ या प्रजातीचे नाव ॲकेरॉन नदीवरून पडले. पुराणात ती मृतांच्या लोकातली, पण त्याच नावाची नदी वायव्य ग्रीसमध्ये आजही वाहते. या पतंगांच्या तीन जाती आहेत : ॲट्रोपॉस, लॅकेसिस आणि स्टिक्स. स्टिक्स हीसुद्धा पाताळातलीच नदी. प्लूटोच्या एका चंद्रालाही २०१३ मध्ये तेच नाव मिळाले.

यातल्या लॅकेसिस आणि स्टिक्स भारतात आढळतात. स्टिक्सची अळी तिळाची पाने फस्त करते. पण ती बोटाएवढी जाड असते, सहज नजरेस पडते. प्रादुर्भाव थोडा असेल तर हाताने वेचून नष्ट करता येते; त्यासाठी पंप पाठीवर घ्यावा लागत नाही.