अमेरिकेतील इंग्रजी : आदेश आणि कायदा
अमेरिकेच्या राज्यघटनेत राजभाषेची तरतूद नाही. इंग्रजीस तो दर्जा देणारी घटनादुरुस्ती सिनेटर एस. आय. हायाकावा यांनी १९८१ मध्ये मांडली. ती संमत झाली नाही. १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कार्यकारी आदेशाद्वारे इंग्रजी ही अधिकृत भाषा घोषित केली आणि इंग्रजी अल्प जाणणाऱ्यांना शासकीय सेवा सुलभ करणारा २००० चा आदेश रद्द केला. तथापि, आदेश म्हणजे कायदा नव्हे. मतदान हक्क कायद्यातील १९७५ च्या दुरुस्तीनुसार ठरावीक क्षेत्रांत अल्पसंख्याकांच्या भाषेतही मतपत्रिका द्यावी लागते. ही तरतूद आदेशाने संपुष्टात येत नाही. राजभाषेचा कायदा करताना मात्र अमेरिकी काँग्रेस तीही बदलू शकते. म्हणूनच हा प्रश्न केवळ भाषेच्या प्रतिष्ठेचा नसून नागरिकाच्या मताधिकाराचाही आहे.