घड्याळ पुढे, घड्याळ मागे

घड्याळ पुढे-मागे करणे ही विलायतेतली रीत, आपल्याकडे असले काही नसते, असे आपण धरून चालतो. पण १ सप्टेंबर १९४२ रोजी हिंदुस्थानचे घड्याळ एक तास पुढे सरकवले गेले, आणि ते मागे आले थेट १५ ऑक्टोबर १९४५ रोजी. मधले तिन्ही हिवाळे त्याच घड्याळावर गेले. म्हणजे बघा, ही युद्धकाळातली काटकसर होती. ऋतूंशी तिचा संबंध नव्हता.

हा हिशेब पडेगावच्या आकाशावर मांडून बघू. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळची. आपण साधारण ७५.३ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणून आपला सूर्य सरासरी २९ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. घड्याळात बारा वाजले तरी दौलताबादच्या चांदमिनाराची सावली पश्चिमेकडेच असते! त्यात आणखी एक तास घाला. जानेवारीत सातच्या सुमारास उगवणारा सूर्य मग आठला उगवणार.

मुंबईला तर १९०६ सालची प्रमाणवेळच पचली नव्हती. तिची स्वतःची वेळ ३९ मिनिटे मागे होती, आणि महापालिका तिला १९५५ पर्यंत चिकटून राहिली. हट्ट म्हणा, बाणा म्हणा. युद्धाच्या वर्षांत मुंबईचा सूर्य आणि सरकारी घड्याळ यांत १ तास ३९ मिनिटांची तफावत पडली.

युद्ध संपल्यावर हा तास टिकला नाही, यात नवल नाही. लंडनमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जवळजवळ नऊ तासांचा फरक. आपल्याकडे जेमतेम सव्वादोन-अडीच तासांचा. उन्हाळ्यात वाचवायला जादा उजेड आहेच कुठे? बांगलादेशाने जून २००९ मध्ये घड्याळ पुढे केले नि त्याच वर्षअखेर सोडून दिले. पाकिस्ताननेही २००२, २००८ आणि २००९ मध्ये करून पाहिले.

बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या डी. पी. सेनगुप्ता आणि दिलीप आहुजा यांनी मात्र वेगळे सुचवले: ऋतूप्रमाणे बदल नको, देशाचे घड्याळ कायमचे अर्धा तास पुढे न्या. संध्याकाळची वीज वाचेल, ईशान्येला दिलासा मिळेल. हे दोन्ही आम्हाला पटते. पण देशाच्या पश्चिमेकडे या अर्ध्या तासाची किंमत सकाळी मोजावी लागेल. पडेगावात जानेवारीचा सूर्य साडेसातनंतर दिसेल, आणि सातच्या शाळेला निघालेली पोरे काळोखातच रस्त्यावर असतील.