वाड्याची डागडुजी कोणी करावयाची?

नाशिकच्या जुन्या गावठाणात रोहिणी नक्षत्र सरत आले की दोन कामे एकाच सुमारास सुरू होतात. महानगरपालिकेची माणसे मोडकळीस आलेल्या वाड्यांच्या दारांवर नोटिसा डकवीत फिरतात, आणि त्याच दारांच्या आत बिऱ्हाडे ताडपत्री, पत्र्याचे तुकडे, डांबर आणि सुतळी यांची जुळवाजुळव करू लागतात. नोटीस सांगते की घर रिकामे करा. बिऱ्हाडातला कर्ता माणूस म्हणतो की एवढा पावसाळा निभावला म्हणजे झाले. मग आषाढ-श्रावणात कधी एखादी भिंत खचते, कधी अर्धा वाडा बसतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘जुना वाडा कोसळला’ या मथळ्याखाली चार ओळी येतात. वाचणाऱ्याची समजूत अशी होते की वाडा वयाने थकला होता, म्हणून पडला. पण त्याच वयाचा आणि त्याच बांधणीचा दुसरा वाडा पुढच्याच गल्लीत धडधाकट उभा असतो. त्याची निगा राखली गेली, याची राखली गेली नाही, एवढाच काय तो फरक.

ही निगा कोणी राखावयाची, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती आहे. परंतु तो सोडविता न आल्यामुळे गोदाकाठचे एक संपूर्ण गाव पावसाळ्यागणिक थोडे थोडे खाली येत आहे.

वाड्याची बांधणी मुळातच दुरुस्तीची अपेक्षा धरून केलेली असे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळया यांचा सांगाडा, मधल्या जागेत चुन्यात किंवा पांढऱ्या मातीत बसविलेल्या पातळ विटा, मजल्याला कडीपाट, आणि माथ्यावर कौले. भार पेलतो तो सांगाडा. भिंत हा पुष्कळ ठिकाणी केवळ आडोसा असतो. लाकडे एकमेकांत कुसू घालून बसविलेली असल्यामुळे किडलेली तुळई टेकू देऊन बाहेर काढता येते आणि तिच्या जागी दुसरी सरकविता येते. लाद्या उखडाव्या लागत नाहीत की भिंत पाडावी लागत नाही. पेशवाईत नाशिकला बरकत आली, रघुनाथराव आनंदवल्लीस आणि गोपिकाबाई गंगापुरास येऊन राहिल्या, देवळे आणि घाट उभे राहिले, त्या काळापासून इंग्रजी अमलापर्यंत या पद्धतीने येथे घरे उठत गेली. तीर्थोपाध्यायांच्या वाड्यांतून यात्रेकरू उतरत, आणि सिंहस्थाच्या वर्षी तर ओसरीवर पाऊल ठेवावयास जागा उरत नसे. एवढ्या वर्दळीत ही घरे टिकली, कारण वर्षभर कोणी ना कोणी त्यांच्याकडे पाहत असे.

त्या पाहण्याला एक वेळापत्रक होते. वैशाखात कौले चाळावयाची, फुटकी बदलावयाची, पन्हळीत साचलेला पाचोळा काढावयाचा. उघड्या लाकडाला अळशीच्या तेलाचा हात फिरवावयाचा. पाऊस सरला की भिंतीचे सुटलेले पोपडे खरवडून चुना भरावयाचा, आणि दसरा-दिवाळीच्या आधी सफेदी. सुतार, गवंडी, बुरूड, तांबट यांच्या खेपा ठरलेल्या असत. परंतु या वेळापत्रकाचा मोठा भाग ज्यांनी सांभाळला त्यांचा उल्लेख कोणत्याही हिशेबाच्या वहीत सापडणार नाही. जमीन सारवणे, चुलीमागच्या भिंतीला पोतेरे देणे, उंबऱ्याखालची घूस लागलेली जागा बुजविणे, माळ्यावरचे धान्य खाली काढून त्या निमित्ताने आढ्याकडे नजर टाकणे, ही सगळी घरातल्या बायकांची कामे. पाहुणेरावळे, सणवार, शाळेत जाणारी मुले आणि दोन वेळचा स्वयंपाक यांतून वेळ काढून ती होत. त्यांना कोणी डागडुजी म्हटले नाही, घरकाम म्हटले. वस्तुतः घराला ओल कोठे येते हे प्रथम कळते ते रोज फडताळ उघडणाऱ्या बाईला. गवंड्याला ते दोन वर्षांनी कळते, आणि मालकाला भिंत फुगल्यावर.

एका कुटुंबाच्या वाड्यात पुढे बिऱ्हाडे आली. यात अस्वाभाविक काही नव्हते. १९२५ मध्ये नाशिक रोडला सरकारी छापखाना निघाला, पुढे ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूरला औद्योगिक वसाहत झाली. कारकून, शिक्षक, कामगार यांना राहावयास जागा हवी होती आणि वाडेवाल्यांच्या मुलांनी पुण्या-मुंबईचा रस्ता धरला होता. दिवाणखान्यात एक बिऱ्हाड, माजघरात दुसरे, वरच्या मजल्यावर आणखी तीन. प्रत्येक बिऱ्हाडाला आपली स्वतंत्र मोरी हवी झाली. तिची निकड कोणीही नाकारणार नाही; आठ माणसांच्या कुटुंबातील सुनेने भांड्यांचा ढीग घेऊन जिना उतरावा आणि चौकातल्या आडावर जावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? पण जो मजला लाकडाचा आणि मातीचा आहे, ज्यावर पाण्याचा थेंब सांडू नये अशीच मूळची योजना होती, त्याच्या कोपऱ्यात विटांचा कठडा घालून मोरी बांधली गेली. तिचे पाणी थोडे नळीतून गेले आणि थोडे मजल्यात मुरले. तुळईचे जे टोक भिंतीच्या आत असते आणि कोणाच्या दृष्टीस पडत नाही, तेथेच ते जाऊन पोहोचले. पडलेल्या वाड्यांचे ढिगारे उपसताना मधले सागवान अजून टणक आणि टोक मात्र भुसभुशीत, असे दिसते ते यामुळे.

दुसरी चूक हौसेपोटी आणि स्वच्छतेच्या चांगल्या बुद्धीने झाली. मातीच्या भिंतीचे पोपडे पडतात, कपड्यांना चुना लागतो, म्हणून बिऱ्हाडकरूने दिवाळीचा बोनस मोडून आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. भिंत गुळगुळीत झाली, ऑइलपेंट चकाकू लागला, शेजारणींनी कौतुक केले. चुन्याची भिंत जोत्यातून चढलेली ओल बाहेर टाकते. सिमेंटचे कवच ती आतच कोंडून धरते. वर्षा-दोन वर्षांत कवचाच्या मागची माती भुगा होते आणि तिच्यात उभा असलेला खांब कुजू लागतो. शंभर वर्षे टिकलेल्या भिंतीला तिच्या सुधारणेनेच आजारी पाडले, असे हे प्रकरण आहे. चुना मळणारा गवंडी दुर्मिळ, सिमेंटची गोणी कोपऱ्यावरच्या दुकानात. त्यामुळे दोष बिऱ्हाडकरूला तरी किती द्यावा?

त्यातून तो बिऱ्हाडकरू. म्हणजे घर त्याचे नाही. येथे कायदा आड येतो. युद्धोत्तर टंचाईच्या काळात घरमालकांनी भाडेकरूंना नाडू नये म्हणून १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला, आणि १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे असेल ते प्रमाण धरले गेले. हेतू योग्य होता. त्या कायद्याने हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर राखले. पण टंचाईपुरता केलेला कायदा मुदतवाढी घेत घेत अर्धशतक चालला आणि भाडे जेथल्या तेथे राहिले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली.

ही मुभा किती मोलाची आहे ते साध्या अंकगणिताने कळेल. समजा, दोन खोल्यांचे भाडे महिना चाळीस रुपये आहे. चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. याच कायद्याने घर सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि मालकाने ती टाळल्यास रीतसर नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोयही ठेवली आहे. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम वार्षिक भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक असता कामा नये. चाळीस रुपयांच्या हिशेबाने ती एकशेवीस रुपये होते. तेवढ्यात आज गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरीही निघत नाही, तुळईची गोष्ट दूरच. तेव्हा कायद्याने दुरुस्तीचा हक्क दोघांनाही दिला आहे आणि दोघांच्याही हाती तो निरुपयोगी ठरविला आहे.

मालक म्हणावा तर तोही एक उरलेला नसतो. मिळकत पत्रिकेवर आजोबांच्या नावाखाली पंधरा-वीस वारसांची नावे चढलेली असतात. एक पुण्यास, एक इंदुरास, एक परदेशात, दोघांचे एकमेकांशी बोलणे बंद. कौले चाळावयास सहमती मिळविण्यातच पावसाळा येतो. शिवाय गल्ली अरुंद, आणि बांधकामाची परवानगी रस्त्याच्या रुंदीशी जोडलेली, म्हणून नवी इमारत बांधणेही परवडत नाही. मग मालक वाट पाहतो ती वाडा आपोआप पडण्याची, आणि भाडेकरू वाट पाहतो ती कोणी बिल्डर येऊन जागेच्या मोबदल्यात जागा देण्याची. धोकादायक इमारतीसंबंधीच्या कलम २६४ च्या नोटिशीकडे भाडेकरू संशयाने पाहतो, कारण दार एकदा सोडले की हक्क सुटेल अशी त्याची धास्ती असते. निवृत्तिवेतनावर चालणारे घर, रामकुंडाच्या जवळचा छोटासा धंदा, नातवाची शाळा, हे सारे पायी चालण्याच्या अंतरावर असताना त्याने कोठे जावे, हे नोटीस सांगत नाही.

याच शहरात याच्या उलट चित्रही आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नाशिकला वसविलेल्या वस्तीत, ज्या भागाला लोक नवीन नाशिक म्हणतात तेथे, पुष्कळ कुटुंबे वाड्यांतल्या खोल्या सोडूनच गेली. मिळालेली घरे अगदी लहान होती. पण ती स्वतःची होती. कोणी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून पुढे खोली ओढली, कोणी मुलाच्या लग्नाच्या आधी वर मजला चढविला, कोणी ओट्याला कडाप्पा बसविला. हे सारे नियमात बसणारे होते असे नाही; किती तरी जिने रस्त्यावर उतरले आणि उजेड-वारा शेजाऱ्याच्या भिंतीने अडविला. तरीही गळके छप्पर तेथे पाच वर्षे गळत राहत नाही. राहणारा आणि मालक एकच असल्यामुळे ओल दिसताच बादली लावण्याऐवजी मिस्त्री बोलाविला जातो.

मुंबईतील चाळींपुढे हाच पेच उभा राहिला तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ नेमले गेले. जुन्या इमारतींकडून उपकर घ्यावयाचा आणि त्यातून व सरकारी पैशातून दुरुस्ती करावयाची, अशी ती व्यवस्था. पुढे ते मंडळ म्हाडात सामील झाले. त्याच्या कारभारावर टीका पुष्कळ झाली आणि ती बरीचशी रास्त आहे. परंतु दुरुस्ती ही दोन खाजगी माणसांची भांडणाची बाब नसून सार्वजनिक सुरक्षिततेची बाब आहे, हे तत्त्व त्याने मान्य केले. ते तत्त्व मुंबई बेटाच्या हद्दीबाहेर मात्र आले नाही. नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीतला माणूसही भिंतीखाली सापडला तर तितकाच मरतो. अहमदाबादेत पोळांतल्या लाकडी घरांच्या मालकांना न वापरलेला बांधकामाचा हक्क विकून तो पैसा घराच्या दुरुस्तीसाठी वापरण्याची वाट काढून देण्यात आली. २०१७ मध्ये त्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा मान मिळाला. नाशिकचे वाडे तेवढ्या मानाचे नसतील, आणि सगळेच वाचविण्यासारखे आहेत असेही नाही. काही उतरवूनच घेतले पाहिजेत, त्यातील लाकूड तरी कामास येईल.

लंडनमध्ये १८७७ साली विल्यम मॉरिस या कारागीर-कवीने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली तेव्हा तिचे सांगणे असे होते की, भव्य जीर्णोद्धार नकोत, रोजची निगा हवी. त्या विचाराला पोथीचा आधार शोधण्याचे कारण नाही; आपल्याकडे कौले चाळणाऱ्याला तो ठाऊक होता. अडचण एवढीच की आपल्या शासनाची नजर दोनच टोकांवर ठरते: एक तर सरकारवाड्यासारखी संरक्षित वास्तू, नाही तर पाडावयाची धोकादायक इमारत. या दोहोंच्या मध्ये ज्यात माणसे राहतात, स्वयंपाक करतात, मुलांचा अभ्यास घेतात, ते घर कोणत्याच खात्याचे नसते.

निदान एक गोष्ट पैशावाचून करता येण्यासारखी आहे. महानगरपालिकेची पाहणी उन्हाळ्याच्या अखेरीस होते. त्या दिवसांत भिंती वाळलेल्या असतात, ओलीचे डाग पुसट झालेले असतात, आणि दोष सापडला तरी दुरुस्तीस पंधरा दिवसही उरलेले नसतात. म्हणून नोटिशीत ‘रिकामे करा’ याखेरीज दुसरे लिहिण्यासारखे काही राहत नाही. हीच पाहणी दसऱ्यानंतर झाली, तर पाणी कोठून उतरले, कोणत्या मोरीखालचा पाट काळवंडला, कोणत्या फटीत पिंपळाचे रोप धरले, हे डोळ्यांना दिसेल. दाखवावयास घरातली बाई हजर असेल. मग सुतार आणि गवंडी यांना कामाला मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंतचे कोरडे महिने मिळतील, मालक-भाडेकरूंना एकत्र बसवून खर्चाची वाटणी ठरविण्यास अधिकाऱ्यालाही सवड मिळेल, आणि पिंपळाचे रोप बोटभर असतानाच उपटता येईल. ते हातभर झाल्यावर त्याला हात लावण्यास कोणी धजत नाही.