वालचंदनगरचं पोलाद, बगॅसचं रेझिन

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ज्या रॉकेटमधून गेलं, त्याच्या एस-२०० बूस्टरचे काही भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला तयार झाले होते. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवणाऱ्या या गावाला ३.२ मीटर व्यासाचं पोलादी आवरण घडवणं आता अंगवळणी पडलं आहे.

पण नुसत्या पोलादानं भागत नाही. पोलाद १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि नॉझलमधून जाणारा वायू त्याहून कितीतरी तापलेला असतो. म्हणून आत कार्बन-फिनॉलिकचं अस्तर असतं. कार्बनचं कापड फिनॉलिक रेझिननं बांधलेलं. रेझिन तापलं की त्याचा कोळसा होतो, सुटलेले वायू उष्णता बाहेर लोटतात आणि अस्तर थराथरानं झिजत पोलादाला वाचवतं. २००७ मध्ये अवकाशातून बंगालच्या उपसागरात परतलेल्या इस्रोच्या एसआरई-१ कुपीच्या नाकाडावरही हेच होतं.

फिनॉलिकचं मोठेपण त्याच्या कोळशात आहे. साधं इपॉक्सी बरंचसं उडून जातं. फिनॉलिक निम्म्याच्या आसपास कार्बन मागे ठेवतं. मात्र त्यातलं फिनॉल पेट्रोलियमचं. सायनेट एस्टर, थॅलोनायट्राइल असे पर्याय आहेत, पण तेही महागडे आणि पेट्रोलियमचेच. मला खुणावतो तो बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांतून निघणारा पर्याय.

एक टन ऊस गाळला की पाव टनाहून थोडी जास्त ओली बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, निघते. तिच्यातल्या हेमिसेल्युलोजवर आम्ल आणि वाफेची प्रक्रिया केली की फरफ्युराल मिळतं. त्यात हायड्रोजन घातला की फरफ्युरिल अल्कोहोल, आणि त्याचं बनतं फ्युरान रेझिन. कोळसा देण्यात ते फिनॉलिकच्या तोडीचं. स्पेस शटलचं नाक आणि पंखांच्या पुढच्या कडा ज्या कार्बन-कार्बन संमिश्राच्या होत्या, त्यात फिनॉलिक भाजून झाल्यावर उरलेली छिद्रं फरफ्युरिल अल्कोहोल मुरवून, पुन्हा भाजून भरली जात. हे एकदा नव्हे, तीनदा.

मग अडतं कुठे? फ्युरान आम्लानं आवळतं, आवळताना तापतं, पाणी सोडतं आणि ठिसूळ होतं. शिवाय नुसता कोळशाचा आकडा पुरत नाही. २०२२ मध्ये नासाच्या ओरायन यानाच्या अॅव्हकोट उष्णताकवचाचे तुकडे उडाले. आत साचलेल्या वायूला वाट मिळाली नव्हती, असं नासानं २०२४ च्या अखेरीस सांगितलं. रेझिन बदललं की वायूची वाट बदलते आणि सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. त्यामुळे उड्डाणसिद्ध रेझिन सोडायला कुणी सहजी धजत नाही, आणि ते रास्तच आहे.

दुसरी अडचण बॉयलरची. माळेगावचा साखर कारखाना असो की भवानीनगरचा, बगॅस म्हणजे कारखान्याचं इंधन. सहवीजनिर्मितीत उरलेली वीज विकलीही जाते. उष्णताकवचाच्या चार-दोन टनांसाठी फरफ्युराल प्रकल्प कुणी उभारणार नाही, उभारूही नये. त्याचं खरं गिऱ्हाईक कोल्हापूरकडच्या फौंड्रीत आहे, जिथे साच्याची वाळू फ्युराननं बांधतात. दक्षिण आफ्रिकेत सेझेला इथे साखर कारखान्याला जोडूनच बगॅसपासून फरफ्युराल काढतात. आपल्याकडे आधी फौंड्रीचा माल निघाला, तर त्यातलाच निवडक, अतिशुद्ध भाग प्लाझ्मा झोतातल्या चाचणीसाठी तिरुवनंतपुरमला इस्रोकडे पाठवणं फारसं महाग पडणार नाही.